रिकामी ओंजळ : एक अभंग कसा जुळला

शास्त्रपाठ : हबक्कूक ३ : १७-१९, १ शमुवेल २ : १-१०, लूक १ : ४६-५५

गीत कोठून येतें, असें आमच्या जळकोटच्या मंडळींतील एका तरुणानें मला विचारलें. त्याचें उत्तर मी माझ्याच एका लहानशा अभंगाच्या हकीकतीनें देतों. तींत माझी एक चूक आहे. ती सांगितल्यावांचून हा पाठ पुरा होत नाहीं.

त्या वर्षीं पावसानें ओढ दिली व जोंधळा पोटरींतच वाळला. उपकारस्तुतीचा रविवार जवळ आला, तेव्हां लोक म्हणूं लागले, "पाळकसाहेब, मेजापुढें ठेवावयास कांहीं नाहीं, मग यावें कशास?" हा प्रश्न घेऊन मी हबक्कूकाचा तिसरा अध्याय उघडला. शेतें व गोठे रिकामे झाले तरी संदेष्टा परमेश्वराच्या ठायीं आनंद करितो, आणि शेवटीं तें गीत तंतुवाद्यांवर गाण्याकरितां मुख्य गवयाच्या स्वाधीन करितो. म्हणजे दुष्काळांतली ही स्तुति एकट्याची नव्हे, सर्व मंडळीची आहे.

मीं अभंगाचें वृत्त घेतलें : सहा, सहा, सहा व चार अक्षरें, दुसऱ्या व तिसऱ्या खंडांस यमक. गंगाखेडच्या जनाबाईचे व मन्मथस्वामींचे अभंग आमच्या भागांत पिढ्यानपिढ्या गाइले जातात. त्यामुळें ही चाल कोणास शिकवावी लागत नाहीं. रेव्ह. नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांनीं १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतला, पण देशी भजनाची गोडी टाकिली नाहीं. तुकारामाच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताच्या चरणांशीं आलों, असें ते म्हणत.

वृत्त देशी घेतलें, पण शब्द मात्र मीं पोथीतले घातले. आरंभ होता, "रिक्तहस्त आम्ही." शनिवारीं रात्रीं टाळमृदंगावर अभंग म्हणून पाहत असतां एक वृद्ध बाई त्या शब्दावर दोनदां अडखळली. तिला अक्षरओळख नव्हती. तिसऱ्या वेळीं तिनें आपल्या मनानें म्हटलें, "रिकामी ओंजळ." सहा अक्षरें बरोबर भरलीं! पुढचे खंड मग आपोआप जुळले :

रिकामी ओंजळ । घेऊनिया आलों ।
तुझ्या दारीं ठेलों । दयाघना ॥

त्या आठवड्यांत तिच्या घरीं दाणा नव्हता, हें मला मागाहून कळलें. ज्या भुकेविषयीं मी लिहीत होतों, तिची मीं चौकशीही केली नव्हती. ही माझी चूक. प्रथम तिच्या घरीं जावयाचें, मग लेखणी धरावयाची. रविवारीं ती आली व ओंजळ पुढें धरून तिनें तो अभंग म्हटला. त्यानंतर घरीं बसून कोणी राहिलें नाहीं.

मरीयेचें गीत हन्नेच्या गीताशीं ताडून पाहा. दीनांस वर उचलणारा व भुकेल्यांस तृप्त करणारा देव दोघींच्याही मुखीं आहे. अंतःकरणांत सांठविलेलें देववचन मरीयेच्या आयुष्यांतील प्रसंगाशीं भेटलें, तेव्हां तें गीत झालें. वचन, प्रसंग व लोकांची बोली या तिहींवांचून मंडळीचें गीत उभें राहत नाहीं.

मननार्थ प्रश्न
१. हबक्कूकाच्या आनंदाचा आधार कोणता?
२. हन्ना व मरीया यांच्या गीतांत कोणते विचार समान आहेत?
३. ज्याच्यासाठीं आपण प्रार्थना करितों, त्याच्या घरीं आपण शेवटचे केव्हां गेलों?