नॉस्टॅल्जिया: तिकिटाने बरा होणारा आजार

तुम्ही शिकागोजवळच्या शॉमबर्गला राहत असाल, किंवा नुसते तिथल्या वुडफील्ड मॉलला आणि आयकियाला जात असाल, तर या गावाचं नाव अनेकदा वाचलं असेल. ते आलं कुठून? एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर जर्मनीतल्या शाउमबुर्ग भागातले शेतकरी इथे येऊन वसले. १८५० मध्ये टाउनशिपला नाव द्यायला सभा भरली आणि निरनिराळी नावं पुढे आली. तेव्हा फ्रीडरिश नेर्गे नावाच्या शेतकऱ्याने टेबलावर मूठ आपटून आपल्या बोलीत बजावलं की नाव शाउमबुर्गच राहील. गावात ही हकीकत अजून सांगितली जाते.

त्या मुठीमागच्या भावनेला आज आपण सहज ‘नॉस्टॅल्जिया’ म्हणू. पण त्या काळच्या डॉक्टरपुढे हा शब्द उच्चारला असता, तर त्याने आधी रोग्याची नाडी पाहिली असती. कारण तेव्हा ते एका आजाराचं नाव होतं.

शब्द कुठे जन्मला?

१६८८ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथे योहानेस होफर या १९ वर्षांच्या विद्यार्थ्याने वैद्यकीचा प्रबंध लिहिला. घरापासून दूर गेलेले सैनिक, नोकर, विद्यार्थी खंगत जातात, त्यांची झोप-भूक उडते, ताप येतो, असं त्याने नोंदवलं. या दुखण्याला लोकांच्या बोलीत ‘हाइमवे’ हा शब्द होता, म्हणजे घराची वेदना. होफरने त्यासाठी दोन ग्रीक शब्द जोडले: ‘नोस्टोस’ म्हणजे घरी परतणं आणि ‘अल्गोस’ म्हणजे वेदना. न्यूराल्जिया, मायाल्जिया या आजारांच्या नावांत आणि अ‍ॅनाल्जेसिक या वेदनाशामकाच्या नावात हाच ‘अल्गोस’ आहे. दिसायला शब्द प्राचीन, पण प्राचीन ग्रीकांनी तो कधी वापरला नव्हता.

होफरने बर्नहून बाझलला शिकायला आलेल्या एका तरुणाची गोष्ट दिली आहे. तो मरणाच्या दारात होता. शेवटचा उपाय म्हणून त्याला घरी पाठवायचं ठरलं, आणि शहर मागे पडताच त्याचा श्वास मोकळा झाला. बर्नला पोचण्याआधीच तो बरा झाला. बाझल ते बर्न हे अंतर साधारण मुंबई-लोणावळ्याएवढं आहे!

पुढे कारणं शोधली गेली. झुरिचचे निसर्गशास्त्रज्ञ योहान याकोब शॉइखझर यांनी हवेच्या दाबावर बोट ठेवलं: उंच डोंगरातली माणसं सखल प्रदेशात उतरली की जड हवा त्यांच्या रक्तवाहिन्या दाबते. अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१–६५) उत्तरेच्या लष्करी डॉक्टरांनी नॉस्टॅल्जियाचे पाच हजारांहून जास्त रुग्ण नोंदवले, आणि मृत्यूचं कारण म्हणूनही तो शब्द लिहिला. त्यांतले कितीतरी जण खरं तर विषमज्वराने किंवा अतिसाराने गेले असतील. तरीही रजा देऊन घरी पाठवणं हा उपाय तेव्हाही सुचवला जात होता.

रोगाची भावना कशी झाली?

या निदानातली मोठी फट तत्त्वज्ञ इमान्युएल कांट यांनी १७९८ मध्येच दाखवली होती. स्विस लोकांबरोबर त्यांनी वेस्टफालियाच्या लोकांचंही उदाहरण घेतलं; शाउमबुर्ग त्याला लागूनच आहे. घरासाठी झुरणारी ही माणसं परत गेली की त्यांची निराशा होते आणि त्यातूनच ती बरी होतात, असं कांट म्हणतात. त्यांना वाटतं की गाव बदललं. खरं म्हणजे त्यांना तिथे आपलं तारुण्य परत आणता येत नाही.

म्हणजे एका शब्दात दोन वेदना होत्या. एक जागेची, दुसरी काळाची. आगगाडी आणि आगबोटीमुळे जागेचं अंतर कापता येऊ लागलं. जंतूंचा शोध लागल्यावर डॉक्टरांना ताप आणि खंगण्याची वेगळी कारणं सापडली. विसाव्या शतकात इंग्रजीने वाटणी केली: जागेची वेदना ‘होमसिकनेस’कडे गेली, तर ‘नॉस्टॅल्जिया’ म्हणजे गेलेल्या दिवसांची गोड-कडू आठवण.

आता विज्ञान काय म्हणतं?

कॉन्स्टँटिन सेडिकिडीस आणि टिम वाइल्डशट या इंग्लंडमधल्या मानसशास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसह २००६ मध्ये या भावनेवर प्रयोग प्रसिद्ध केले. एकटेपणा आणि उदास मनःस्थिती नॉस्टॅल्जिया जागवतात, आणि अशी आठवण लिहून काढल्यावर माणसांना आपण इतरांशी जोडलेले आहोत असं जास्त वाटतं, असं त्यांना दिसलं. २०१२ मधल्या एका अभ्यासात थंड दिवशी ही भावना जास्त जागी होत असल्याचं आढळलं. शिकागोच्या जानेवारीत हे पटायला वेळ लागत नाही!

पण एक सावधगिरी हवी. प्रयोगात माणूस आठवण निवडून सांगतो, साहजिकच गोड आठवण निवडतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात लोकांच्या रोजच्या आयुष्यातल्या नोंदी घेतल्या, तेव्हा न बोलावता येणाऱ्या आठवणींत खंतीचा वाटा बराच मोठा निघाला.

आणि मराठीत?

नॉस्टॅल्जियासाठी आपण ‘स्मरणरंजन’ हा शब्द वापरतो. त्यात रंजन आहे, वेदना नाही. जागेच्या वेदनेसाठी मात्र घरोघरी बोललं जाणारं वाक्य आहे: ‘करमत नाही.’ गंमत म्हणजे ‘करमणूक’ हा शब्दही याच करमण्यातून आला.

हा फरक आपल्या घरात कामाला येतो. सहा महिन्यांसाठी आलेले आईबाबा ‘इथे करमत नाही’ म्हणतात, तेव्हा आपण त्याला आठवणींचा उमाळा समजतो आणि जुनी गाणी लावून देतो. ते स्मरणरंजनावरचं औषध झालं. त्यांची तक्रार जागेबद्दल आहे: पायी जाता येईल असं दुकान नाही, दुपारी दार वाजवणारं कुणी नाही. वसतिगृहात पहिल्या सत्राला गेलेल्या मुलीचंही तसंच. झोप आणि भूक उडाली असेल, तर तिला डॉक्टरकडे किंवा समुपदेशकाकडे न्यायला संकोच करू नका.

स्वतःसाठी एक सोपी परीक्षा करून पाहा. आज रात्रीचं तिकीट हातात आलं, तर हे दुखणं थांबेल का? उत्तर ‘हो’ असेल तर तो होफरचा आजार आहे. जमेल तेव्हा जाऊन या. उत्तर ‘नाही’ असेल, तुम्हाला हवं असलेलं पुणे किंवा कोल्हापूर १९९५ सालातलं असेल, तर तिथे कुठलंही विमान उतरत नाही. त्या काळात जे तुमच्यासोबत होते, त्यांना फोन करा.