लिली लावायची तर आधी लेकीला विचार

अगं, घर घेतलंस, मागे जरा अंगण मिळालं, म्हणून लगेच मोगरा शोधत फिरू नकोस. ओंटारिओच्या हिवाळ्यात मोगरा बाहेर टिकत नाही. थंडी आली की कुंडी घरात आणा, पुढचे सहा महिने त्याचे नखरे सोसा. त्यापेक्षा एशियाटिक लिली लाव. तिला थंडी नुसती चालत नाही, हवीच असते. गारठ्यात झोप झाली नाही तर कंद पुढच्या वर्षी धड फुलत नाही. पुण्यात म्हणून तर शीतगृहातून काढलेले कंद विकत आणावे लागतात. तुला ते शीतगृह फुकटात मिळालंय!

कंद सप्टेंबर-ऑक्टोबरात घे. लसणीसारख्या सुट्या पाकळ्या असतात, पण वरून कागदी साल नसते, त्यामुळे उघडा राहिला की सुकतो. आणलास की लावूनच टाक, साधारण १५ सेंटिमीटर खोल. जमिनीखालच्या खोडालाही मुळं फुटतात. तुमच्याकडची माती चिकण असेल तर कंपोस्ट मिसळून वाफा उंच कर. हा कंद थंडीने मरत नाही, साचलेल्या पाण्याने कुजतो. सहा तास ऊन मिळालं की बास.

जून सरता सरता फुलं येतील, तोंड वर करून. वास मात्र शून्य हं; निशिगंधाची सवय असलेल्या नाकाला चुकल्यासारखं होतं. फुलदाणीसाठी कापताना दांडा एक तृतीयांशाहून जास्त घेऊ नकोस. पानंही पिवळी पडेपर्यंत राहू दे, कंद त्यांच्यावरच पोसतो.

खरा त्रास लाल भुंग्याचा. वसंतात पानांवर शेंदरी ठिपका दिसला की तोच. हात लावायला गेलीस की टपकन खाली पडतो, तोही उताणा. पोट काळं, मातीत दिसणार कसं? म्हणून आधी खाली साबणाच्या पाण्याची वाटी धरायची, मग वरून टिचकी. पानांच्या मागे नारिंगी अंड्यांची ओळ असते, ती चिरडून टाक. अळ्यांकडे बघवत नाही, स्वतःचीच घाण पाठीवर थापून बसतात मेल्या. हातमोजे घाल.

आणि हो, लेकीला मांजर हवंय म्हणालीस ना? मग आधी ते ठरव. लिलीचं पान, फूल, अंगाला लागून चाटलेले परागकण, फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजराची मूत्रपिंडं निकामी करतं. मांजर येणार असेल तर लिलीचा विषयच सोड, झिनिया लाव. कंद मागवायच्या आधी तिला विचार आणि मला फोन कर.