दूध, बैल आणि कृत्रिम रेतन

तारापूर म्हटले की १९६९ साली सुरू झालेले अणुवीजकेंद्र आणि बोईसरची औद्योगिक वसाहत डोळ्यांपुढे उभी राहते. गुरांचा गोठा कोणाच्या ध्यानातही येत नाही. परंतु बोईसर सोडून पूर्वेस विक्रमगड-जव्हारच्या बाजूला गेले की भातखाचरे लागतात, आणि चिखलणीला बैल लागतो. इकडे पश्चिम रेल्वेच्या दुसऱ्या टोकाला मुंबई आहे. तिला दूध हवे. कृत्रिम रेतनाचा विचार आपल्या भागातील माणसाने या दोन गरजा समोर ठेवूनच केला पाहिजे.

ही कल्पना नवी नव्हे. इटलीतील स्पालान्झानी याने १७८० च्या सुमारास कुत्रीवर हा प्रयोग यशस्वी केला. भारतात म्हैसूरच्या राजवाड्यातील गोशाळेत १९३९ साली सुरुवात झाली. खरा धंदा मात्र वाढला तो १९४९ नंतर. ग्लिसरीन मिसळल्यास गोठविलेले वीर्य जिवंत राहते, असा शोध त्या वर्षी इंग्लंडमध्ये लागला. आज द्रवरूप नत्रात, उणे १९६ अंश तापमानाला, वीर्याची कांडी वर्षानुवर्षे टिकते. वळू मेला तरी त्याची वासरे जन्मतच राहतात!

महाराष्ट्रात या कामाला घरोघर नेण्याचे श्रेय मणिभाई देसाई यांस द्यावे लागेल. १९४६ साली गांधीजींबरोबर ते उरुळी कांचनला आले आणि तेथेच राहिले. १९६७ मध्ये त्यांनी 'बाएफ' ही संस्था स्थापन केली. गाय दवाखान्यात न्यायची नाही, तर रेतन करणारा माणूसच गोठ्यात जायचा, ही तिची पद्धत. होल्स्टिन व जर्सी वळूंपासून झालेल्या संकरित कालवडींनी अनेक घरांत दुधाचा पैसा आणला.

यात सारा खेळ वेळेचा आहे. गाय साधारण २१ दिवसांनी माजावर येते आणि माज एक दिवसही पुरता टिकत नाही. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी रेतन करावे, असा नियम आहे. म्हशीचा माज तर पुष्कळदा मुका असतो. ती ना हंबरते, ना उड्या मारते. सोट कोणी पाहिला नाही की तीन आठवडे फुकट गेले. कारागीर कितीही कुशल असो, गोठ्यातील बाईची नजर चुकली तर त्याचे काही चालत नाही.

आता बैलाकडे वळू. जव्हारकडील डांगी गुरे दुधाला बेताची, पण मुसळधार पावसात आणि चिखलात टिकणारी; कातडी तेलकट, खूर टणक. जू टेकते ते वशिंडावर. संकरित गोऱ्ह्याला वशिंड धड नसते आणि ऊनही सोसत नाही. २०१५ पासून राज्यात बैलाच्या कत्तलीसही बंदी आहे, म्हणजे असा गोऱ्हा ना कामाचा, ना विकण्याचा. दुधाचे आकडे मांडताना त्याच्या चाऱ्याचा खर्च कोणी धरीत नाही, हे मला खटकते.

अलीकडे दहात नऊ कालवडी देणाऱ्या कांड्याही निघाल्या आहेत. दूधवाल्याची अडचण त्यांनी बरीचशी सुटेल. ज्याला खाचरात बैल हवा आहे, त्याचे काय? डांगीचे वीर्यही गोठविता येतेच. प्रत्येक कांडीवर वळूची जात व क्रमांक छापलेला असतो. रेतनापूर्वी तो वाचून दाखवा, असे सांगण्याचा शेतकऱ्याला हक्क आहे.