दोष कोणाचा? शिलोहचे दोन प्रसंग

आजचे वाचन: लूक १३:१-९ आणि योहान ९:१-७



देव चांगला आहे आणि सर्वसमर्थही आहे, तर मग जगात इतकं दुःख का? युथ मीटिंगमध्ये हा प्रश्न कोणी ना कोणी विचारतंच. पण हॉस्पिटलच्या बाकड्यावर रिपोर्टची वाट बघत बसलेल्या माणसाच्या मनात त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न येतो: आमचं काय चुकलं?

उत्तर द्यायला लोक तयारच असतात. कोणी म्हणतं नजर लागली, कोणी म्हणतं भोग आहेत. आणि आपल्या मंडळीतही कोणीतरी हळूच म्हणतं, "काहीतरी लपलेलं पाप असेल," किंवा "विश्वास कमी पडला." आधीच मोडलेल्या माणसाच्या डोक्यावर आणखी एक ओझं! म्हणून आज आपण बघू या की हाच प्रश्न समोर आला तेव्हा स्वतः येशूने काय केलं.

बुरुजाखाली गेलेले अठरा जण

लूक १३ मध्ये काही लोक येशूला एक भयंकर बातमी सांगतात. पिलाताने काही गालीली माणसांना यज्ञ करत असतानाच ठार मारलं होतं. येशू त्यात दुसरी घटना जोडतो: शिलोह इथे बुरूज कोसळून अठरा माणसं दगावली होती. एक दुःख माणसाच्या क्रूरपणातून आलेलं, दुसरं अपघाताने. आजच्या मोबाईलवरच्या बातम्या उघडल्या तरी हेच दोन प्रकार दिसतात.

मेलेले लोक इतरांपेक्षा जास्त पापी होते का? येशूचं उत्तर स्पष्ट आहे: नाही. यरुशलेमेत राहणाऱ्या बाकीच्यांपेक्षा ते अधिक दोषी नव्हते. मग तो ऐकणाऱ्यांकडे वळतो आणि म्हणतो, तुम्ही पश्चात्ताप करा. हे कठोर वाटतं ना? पण नीट बघा, मेलेल्यांची चौकशी तो तिथेच थांबवतो आणि जिवंत असलेल्यांना जागं करतो.

लगेच पुढे अंजिराच्या झाडाचा दाखला येतो. तीन वर्षं फळ नाही, मालक म्हणतो तोडून टाक. माळी अजून एक वर्ष मागतो. मुळाभोवती खणतो, खत घालतो. म्हणजे आपण आज जिवंत आहोत ते आपण जास्त चांगले आहोत म्हणून नाही. आपल्याला मिळालेला वेळ ही देवाची दया आहे.

तळ्यावर पाठवलेला माणूस

आता योहान ९. येशूला वाटेत जन्मापासून आंधळा असलेला माणूस दिसतो. शिष्य विचारतात, पाप कोणी केलं, याने की याच्या आई-वडिलांनी? विचार करा, तो माणूस आंधळा होता, बहिरा नव्हता! असं बोलणं त्याने लहानपणापासून किती वेळा ऐकलं असेल? आणि त्याच्या आईने?

येशू दोन्ही पर्याय नाकारतो. तो म्हणतो की देवाची कामं या माणसाच्या ठायी दिसावीत. मग कोणी विचारेल, देवाने स्वतःचा मोठेपणा दाखवायला त्याला आंधळा केलं का? पुढचं वचन वाचलं की येशूचा रोख कळतो. तो म्हणतो की दिवस आहे तोवर आपण काम केलं पाहिजे. शिष्य मागे बघत होते, हे का झालं? येशू पुढे बघतो, आता इथे देव काय करणार आहे? तो खाली वाकतो, थुंकीने चिखल करतो, त्या माणसाच्या डोळ्यांना लावतो आणि त्याला धुवायला पाठवतो.

कुठे पाठवतो? शिलोहच्या तळ्यावर! जिथे बुरूज पडून अठरा जण गेले, त्याच शिलोहला. ही खरीखुरी जागा आहे. २००४ साली यरुशलेमेत सांडपाण्याच्या पाईपचं काम चालू असताना त्या काळच्या तळ्याच्या दगडी पायऱ्या सापडल्या. एकाच ठिकाणी एकदा मरण आलं आणि एकदा दृष्टी आली. दोन्ही वेळा लोकांना दोषी कोण हे ठरवायचं होतं, आणि दोन्ही वेळा येशूने तो हिशोब मांडायला नकार दिला.

मग दुःख आलं कुठून?

पवित्र शास्त्र या बाबतीत गप्प नाही. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देवाने निर्माण केलेलं सगळं चांगलं आहे. देवाने माणसाला यंत्र बनवलं नाही. प्रेम करायचं तर नाकारायचीही मोकळीक हवी, आणि माणसाने ती मोकळीक देवाविरुद्ध वापरली. तिसऱ्या अध्यायात देवाशी नातं तुटतं, पती-पत्नी एकमेकांवर ढकलू लागतात, जमीन काटे उगवू लागते, आणि चौथ्यात भाऊ भावाचा खून करतो. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात पौल म्हणतो की सगळी सृष्टीच प्रसूतीच्या वेदनांनी कण्हत आहे.

हे संपूर्ण जगाचं निदान आहे. पण त्यावरून एखाद्याच्या कॅन्सरचं किंवा एखाद्या बाळाच्या आजाराचं बिल त्याच्या नावावर फाडता येत नाही. हो, काही दुःख सरळ आपल्या पापातून येतं. दारू पिऊन गाडी चालवली तर अपघात होणारच. पण प्रत्येक अपघात झालेला माणूस दारू प्यायलेला नसतो. ईयोबाच्या मित्रांनी हीच गल्लत केली. सात दिवस ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, ते त्यांचं सगळ्यात चांगलं काम. नंतर तोंड उघडून त्याची पापं शोधू लागले, आणि शेवटी देवाचा राग ईयोबावर नाही, त्यांच्यावर भडकला.

एखाद्याचं दुःख त्याच्याच वाट्याला का आलं, हे शास्त्र बहुतेक वेळा सांगत नाही. ईयोबालाही ते कधी कळलं नाही. देवाने त्याला कारण दिलं नाही, पण देव स्वतः त्याला भेटला.

वधस्तंभाजवळ तोच प्रश्न

शिष्यांचा तो प्रश्न एके दिवशी येशूच्याच वाट्याला आला. यशया ५३ सांगतो की लोकांना वाटलं, देवानेच त्याला मारलं आहे. वधस्तंभाखाली लोक टोमणे मारत होते, देव याच्यावर खूश असेल तर सोडवेल की! पाप कोणाचं? त्याचं नव्हतं. ते आपलं होतं. दोषी कोण या प्रश्नाचं पूर्ण उत्तर तिथे मिळालं, आणि दोष ज्याचा नव्हता त्यानेच तो उचलला.

म्हणून प्रियांनो, आपला देव दुःखाकडे लांबून बघत नाही. लाजराच्या कबरेजवळ तो रडला. पुनरुत्थानानंतरही त्याच्या हातांवर खिळ्यांच्या खुणा होत्या. आणि एक दिवस तो स्वतः आपल्या डोळ्यांतले अश्रू पुसेल, ही प्रकटीकरणातली आशा आहे.

आपण काय करायचं?

आपल्या महाराष्ट्रातल्या पंडिता रमाबाईंकडे बघा. दुष्काळात त्यांचे आई-वडील आणि मोठी बहीण गेली. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती तेव्हा, १८८२ मध्ये पती गेले. १८९६ मध्ये मध्य भारतात दुष्काळ पडला तेव्हा उपासमार म्हणजे काय हे त्यांना माहीत होतं. त्या तिथे गेल्या आणि निराधार मुलींना, विधवांना घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती मिशन त्यातूनच वाढलं. १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमाही गेली. तरी आयुष्याच्या शेवटपर्यंत त्या बायबलच्या सोप्या मराठी भाषांतराचं काम करत राहिल्या. दिवस आहे तोवर काम, हेच ते.

या आठवड्यात कोणी दुःखात असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर कारणं पाठवू नका. डबा घेऊन जा. रात्री हॉस्पिटलमध्ये थांबा. गप्प बसा, सोबत रडा, प्रार्थना करा.

आणि दुःखात तुम्हीच असाल, तर तक्रार घेऊन देवाकडे जा. स्तोत्रसंहितेत अशा कितीतरी प्रार्थना आहेत. पापाची जाणीव झाली तर कबूल करा, तो क्षमा करतो. पण लोकांनी लादलेला दोष उचलू नका.

मनन करा

१. कोणाच्या दुःखाचं कारण मी मनातल्या मनात ठरवून टाकलं आहे?
२. मला मिळालेल्या या वेळेत देवाला माझ्या आयुष्यात कोणतं फळ हवं आहे?

प्रार्थना

प्रभू येशू, आम्हाला सगळं कळत नाही, पण तू आम्हाला ओळखतोस. जे आज रडत आहेत त्यांच्याजवळ बस. दोष शोधणारी आमची जीभ आवर आणि आमचे हात कामाला लाव. तू परत येशील तोवर आम्हाला विश्वासात धरून ठेव. तुझ्याच नावात मागतो, आमेन.