इन्कम टॅक्सचं पत्र आलं, तर...

मिरा रोडच्या नया नगरात दुकानांच्या वह्या लिहिता लिहिता माझे केस पिकले. तुमच्या वडिलांना जे सांगत आलो, तेच आता तुम्हाला सांगतो, पोरांनो. ‘आपण विवरणपत्रात न दाखवलेले उत्पन्न निदर्शनास आले आहे’ असं पत्र, ईमेल किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरची पीडीएफ आली की भल्याभल्यांचे पाय लटपटतात. मग एक जण मिळेल त्या खात्यात पैसे भरायला धावतो आणि दुसरा पत्र कपाटात कोंबून गप्प बसतो. पहिल्याला भामटे लुटतात, दुसऱ्याला इन्कम टॅक्स खातं धरतं. दोघांनाही बुडवते ती भीतीच.

घाई करायला लावणाऱ्यावर आधी संशय घ्या

हे आपल्या मिरा रोडकरांना तरी वेगळं सांगायला नको. ऑक्टोबर 2016 मध्ये ठाणे पोलिसांनी इथल्याच कॉल सेंटरांवर छापे टाकले, सातशेहून अधिक जणांना ताब्यात घेतलं आणि 70 जणांना अटक केली. इथे बसलेली मुलं अमेरिकेतल्या लोकांना फोन करून ‘कर खात्यातून बोलतोय’ म्हणायची, थकबाकी सांगायची, पोलीस दारात येतील अशी भीती घालायची आणि गिफ्ट कार्डं विकत घ्यायला लावून त्यांचे नंबर काढून घ्यायची. तीच युक्ती आता आपल्यावर उलटते आहे. नाव अमेरिकेच्या खात्याऐवजी आपल्या इन्कम टॅक्सचं असतं आणि गिफ्ट कार्डाच्या जागी यूपीआय असतं, एवढाच फरक. खरं खातं उत्तराला मुदत देतं. ते फोन किंवा ईमेलवरून ओटीपी, पिन किंवा पासवर्ड मागत नाही आणि कुणा साहेबाच्या खात्यात पैसे टाकायलाही सांगत नाही. कर भरायचा तो चलनाने, खात्याच्या पोर्टलवरच्या ‘ई-पे टॅक्स’मधून. आणि व्हिडिओ कॉलवर ‘डिजिटल अरेस्ट’ करणारा कायदा या देशात नाही.

पत्राने दाखवलेल्या वाटेने जाऊ नका

पत्रातली लिंक दाबू नका, त्यावरचा फोन लावू नका, सोबतची फाइल उघडू नका. पोर्टलचा पत्ता, incometax.gov.in, स्वतः टाइप करा. 1 ऑक्टोबर 2019 पासून खात्याच्या पत्रव्यवहारावर ‘डिन’ म्हणजे कागदाचा ओळख क्रमांक असावा लागतो. पण नुसता क्रमांक छापलेला बघून भुलू नका. क्रमांक कुणीही छापेल. पोर्टलच्या पहिल्या पानावर ‘ऑथेंटिकेट नोटीस’ ही सोय आहे. तिथे लॉगिन न करता, पॅन किंवा डिन घालून आणि मोबाइलवर आलेला ओटीपी देऊन पत्र खरं की खोटं ते तपासता येतं. मग लॉगिन करून ‘पेंडिंग अ‍ॅक्शन्स’मधलं ‘ई-प्रोसीडिंग्ज’ उघडून बघा. खरी नोटीस तिथे दिसते.

पत्र खोटं निघालं तर त्याला उत्तर देऊ नका, ‘चुकीच्या माणसाला पाठवलंत’ असंही नाही. पैसे गेले असतील तर ताबडतोब 1930 वर फोन करा आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत पांगतात. मग नया नगर पोलीस ठाण्यात जा.

खरं असेल तर कलम आणि वर्ष वाचा

रकमेकडे नंतर बघा. कोणत्या कलमाखाली, कोणत्या वर्षासाठी आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे तीन आधी वहीत लिहा. 1961 च्या कायद्यात 143(1)(ए) म्हणजे विवरणपत्र आणि खात्याकडची माहिती यांचा मेळ बसत नाही. उत्तराला 30 दिवस मिळतात. 142(1) म्हणजे कागद दाखवा. 148ए म्हणजे जुनं वर्ष पुन्हा का उघडू नये ते सांगा, आणि हे सगळ्यांत गंभीर. 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा नवा कायदा लागू झाला आहे, तेव्हा कलमांचे आकडे वेगळे दिसतील. जुन्या वर्षांची पत्रं मात्र जुन्याच आकड्यांनी येत राहतील.

खात्याला काय दिसलं ते आपणही बघा

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ इथे चालत नाही. मुठीत काय आहे ते बँकेने आधीच कळवलेलं असतं. बचत खात्यात वर्षात 10 लाख किंवा जास्त रोकड भरली, ठरावीक मर्यादेहून मोठ्या किमतीचा फ्लॅट घेतला वा विकला, तर ती खबर आपोआप जाते. पोर्टलवर ‘एआयएस’ नावाचा वार्षिक तक्ता आहे, त्यात हे सगळं दिसतं. पत्रातली रक्कम त्या तक्त्याशी आणि पासबुकाशी ओळीने ताडून पाहा.

आपल्याकडे घोळ होतो तो ठरलेल्या जागी. घर हेवी डिपॉझिटवर, म्हणजे भाड्याऐवजी मोठी अनामत घेऊन दिलं असेल तर परत करायची रक्कम उत्पन्न नव्हे, पण तसा नोंदणी केलेला करार हवा. डिपॉझिट 20,000 किंवा त्याहून जास्त असेल तर रोखीने घेऊच नका, तेवढाच दंड बसू शकतो. भिशीचा नंबर लागला तर सभासद आणि हप्ते लिहिलेली वही जपा. आखातातून सख्ख्या भावाने पाठवलेली भेट करमुक्त आहे. चुलत-मामेभाऊ मात्र कायद्याच्या नात्यात बसत नाहीत. गंमत म्हणजे मामाने भाच्याला दिलं तर माफ, भाच्याने मामाला वर्षात 50,000 हून जास्त दिलं तर कर लागतो. फ्लॅट विकला असेल तर सगळी रक्कम उत्पन्न धरू नका. खरेदीची किंमत आणि खर्च वजा जाता उरेल तो नफा.

आपलं नसेल तर तसं लेखी कळवा

कल्याणजवळच्या आंबिवलीत दिवसाला तीनशे रुपये मिळवणाऱ्या एका मजुराला 1 कोटी 5 लाखांची नोटीस आल्याची बातमी जानेवारी 2020 मध्ये गाजली. नोटाबंदीच्या काळात त्याच्या नावाच्या खात्यात 58 लाख भरले गेले होते, आणि ते खातं आपण उघडलंच नाही असं त्याचं म्हणणं होतं. त्याने ते पोलिसांना सांगितलं. हेच बरोबर. ‘माझं नाही’ हे मनात धरून उपयोग नाही. एआयएसमध्ये ती नोंद नाकारा, बँकेकडून खातं उघडतानाचे कागद लेखी मागा, पोलिसांत तक्रार करा आणि तिची प्रत उत्तराला जोडा. पॅनच्या झेरॉक्सवर ती कशासाठी दिली ते आणि तारीख लिहायची सवय ठेवा. आणि मित्राला ‘चार दिवस वापरायला’ बँक खातं कधीही देऊ नका. त्यातल्या पैशाचा हिशेब शेवटी तुमच्याकडेच मागतील.

आपलं असेल तर मोकळेपणाने दाखवा

विसरलेलं व्याज, कमिशन, भाडं नोटिशीआधी लक्षात आलं तर सुधारित किंवा अद्ययावत विवरणपत्र भरा. अद्ययावत विवरणपत्र आकारणी वर्ष संपल्यापासून 48 महिन्यांपर्यंत भरता येतं, पण करावर आणि व्याजावर जादा रक्कम पहिल्या वर्षात 25 टक्के, मग 50, 60 आणि 70 अशी चढत जाते. उत्पन्न कमी दाखवल्याचा दंड कराच्या 50 टक्के, जाणूनबुजून खोटं दाखवलं तर 200 टक्के. मागच्या तारखेचं बक्षीसपत्र करून देतो म्हणणाऱ्याच्या सावलीलाही उभे राहू नका.

उत्तर तिसऱ्याला समजेल असं लिहा

विचारलं तेवढंच, मुद्द्यामागून मुद्दा, आणि प्रत्येकाला पुरावा. रागाचा किंवा रडगाण्याचा एक शब्द नको. कागद जमले नाहीत तर पोर्टलवरच मुदत वाढवून मागा. उत्तर गेल्याची पोच डाउनलोड करून ठेवा. 148ए असेल किंवा रक्कम मोठी असेल, तर सीएची फी वाचवू नका. पण त्याने लिहिलेलं उत्तर वाचल्याशिवाय पाठवू देऊ नका, कारण ते तुमच्या नावाने जातं. ‘आत ओळख आहे, मिटवून देतो’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

पुष्कळांना खरी नोटीस वेळेवर कळतच नाही, कारण पोर्टलवर जुना मोबाइल नंबर आणि कुणा एजंटाचा ईमेल पडलेला असतो. तेव्हा आज एवढं करा. पोर्टलवर स्वतःचा नंबर आणि ईमेल घाला, पासवर्ड बदला, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या मोबाइलमध्ये 1930 हा आकडा टिपून द्या.