सिस्टरला सिद्धांत कशाला?

प्रश्न : माझी पुतणी बीएस्सी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. नाइटिंगेल, हेंडरसन, ओरेम अशी नावं आणि त्यांचे सिद्धांत सारखी पाठ करत असते. इंजेक्शन देणं, सलाइन लावणं, ड्रेसिंग करणं हे सगळं हाताचं काम. त्यात या सिद्धांतांचा खरंच काही उपयोग होतो, की ते परीक्षेपुरतंच? (एक वाचक, सातारा)

उत्तर : सलाइन कशी लावायची हे कुठलाच सिद्धांत शिकवत नाही, ते हातानंच शिकावं लागतं. पण सलाइन लावून झाली की त्या खाटेपाशी आणखी काय करायचं, आणि काय मुद्दाम करायचं नाही, हे डॉक्टरांच्या ऑर्डरमध्ये लिहिलेलं नसतं. सिद्धांताची गरज तिथं पडते.

तुमच्या पुतणीच्या यादीतली डोरोथिया ओरेम मला वॉर्डात सगळ्यांत जास्त उपयोगी पडली. ही अमेरिकन नर्स, १९१४ साली बाल्टिमोरला जन्मलेली. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ती सरकारी खात्यात नर्सिंगच्या अभ्यासक्रमाचं काम करत होती. तेव्हा तिच्यापुढे प्रश्न आला, की माणसाची नेमकी कोणती अवस्था झाली म्हणजे त्याला नर्स लागते? नुसतं आजारी असणं पुरत नाही. सर्दी झालेला माणूसही आजारीच असतो, पण त्याला कोणी नर्स ठेवत नाही. एरवी माणूस खाणं, अंघोळ, औषधपाणी, स्वतःला जपणं हे आपलं आपण करतो. आजारपणात ही कामं वाढतात आणि त्याच वेळी ताकद किंवा माहिती अपुरी पडते. जेवढं अपुरं पडतं तेवढं नर्सनं भरून काढायचं, हे ओरेमचं उत्तर. १९७१ च्या तिच्या पुस्तकात ते सविस्तर आलं. कधी सगळंच नर्सनं करायचं, कधी दोघांनी मिळून, तर कधी पेशंटनं करायचं आणि नर्सनं शिकवत, धीर देत शेजारी थांबायचं. एवढं लिहिलं की परीक्षेत मार्क मिळतात. वॉर्डात मात्र एकाच पेशंटला या तिन्हींतून न्यायचं असतं.

समजा, आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेला पन्नाशीतला रिक्षावाला आहे. पोटावर स्टोमा, म्हणजे शौचाची नवी वाट, काढली आहे आणि त्यावर पिशवी. पहिल्या दिवशी सगळं सिस्टरच करते. पिशवी रिकामी करते, स्टोमा लालसर आणि ओलसर आहे ना ते बघते. काळपट दिसला तर लगेच डॉक्टरांना कळवते. पेशंट भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो. त्याला तिकडे बघायचंच नसतं. मग एके दिवशी सिस्टर त्याच्या हातात ओला गॉज देते आणि म्हणते, ‘‘काका, कडेनं तुम्ही पुसा.’’ तो घाबरतो. स्टोमाला हात लावला तर दुखत नाही, तिथं तशा नसाच नाहीत, हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. पुढच्या वेळी कात्री त्याच्या हातात. पिशवीच्या चकतीचं भोक स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठं कापायचं, नाहीतर मधल्या उघड्या कातडीला मळ लागून ती सोलवटते. पिशवी एक तृतीयांश ते निम्मी भरली की रिकामी करायची, भरून लोंबू द्यायची नाही. शेवटी तो सगळं स्वतः करतो आणि सिस्टर हाताची घडी घालून बघते. ही घडी घालायला फार संयम लागतो. तेच काम तिनं केलं असतं तर निम्म्या वेळात उरकलं असतं! पण मग घरी गेल्यावर त्यानं काय केलं असतं?

आपल्याकडे यात आणखी एक माणूस असतो, खाटेशेजारच्या स्टुलावर बसलेला नातेवाईक. बायको किंवा मुलगी प्रेमापोटी घाससुद्धा भरवते, आणि हात धडधाकट असलेला माणूस तोंड उघडून बसतो. ओरेमनं घरच्या माणसांनी केलेल्या देखभालीचाही विचार केला आहे. म्हणून शिकवायचं ते दोघांना, आणि बायकोला हेही सांगायचं, की ताई, आता त्यांना करू द्या. बरेचदा हे दुसरं शिकवणंच जास्त अवघड जातं.

मात्र भिंतीकडचं तोंड इकडे वळेपर्यंत गॉज देऊन काही होत नाही. तिथं हिल्डगार्ड पेप्लाऊ वाचलेली बरी. नर्स आणि पेशंट सुरुवातीला एकमेकांना अनोळखीच असतात, आणि त्यांच्यात हळूहळू जे नातं तयार होतं तोच उपचाराचा भाग आहे, असं तिनं १९५२ मध्ये मांडलं. मॅडलिन लेनिंगरनं पेशंटच्या रीतिरिवाजांना शुश्रूषेत जागा करून दिली. एकादशी सोडायला तयार नसलेल्या मधुमेही आजींवर चिडण्यापेक्षा त्या दिवशी काय खायचं आणि इन्सुलिन कधी, किती घ्यायचं हे डॉक्टरांशी बोलून आधीच ठरवणं, हे तिच्याच विचारातलं. आणि नाइटिंगेलनं १८५९ च्या पुस्तकात विनाकारण होणाऱ्या आवाजावर एक आख्खं प्रकरण लिहिलं आहे. रात्री वॉर्डातून टाचा आपटत जाणाऱ्या प्रत्येकाला ते वाचायला द्यावं असं मला वाटतं.

ओरेम सगळीकडे पुरत नाही. बेशुद्ध पेशंटला काय शिकवणार? स्मृतिभ्रंश झालेल्या आजोबांना आज शिकवलेलं उद्या आठवत नाही. त्यांच्यासाठी घरचं माणूस, ओळखीची जागा आणि शांतता जास्त कामाची. पण खरी अडचण वेगळीच आहे. वॉर्डात खाटा भरलेल्या आणि सिस्टर दोन असतील, तर सगळ्यांत आधी गळतं ते शिकवणं, कारण ते कोणत्याही रजिस्टरमध्ये नोंदलं जात नाही. दिलेलं इंजेक्शन लिहिलं जातं. काकांच्या हातात कात्री देऊन घालवलेली वीस मिनिटं कुठेच दिसत नाहीत. ती काम म्हणून मोजली गेली पाहिजेत, असं माझं ठाम मत आहे.

पुतणीला एवढं सांगा, की केअर प्लॅन लिहिताना सीनियरच्या फाइलवरून उतरवून काढू नकोस. पेशंट आज स्वतः काय करू शकतो, आणि डिस्चार्जच्या दिवशी काय करता आलं पाहिजे, हे दोन रकाने त्याच्याशी बोलून, त्याच्या खाटेपाशी उभं राहून भर.