मालिका जुनी, लेकरू नवं

आई-बाबांनो,

पालकसभेत पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "बाई, लेकरू मोबाईल सोडत नाही." दुसरंही ठरलेलं: "आमच्या वेळी असं नव्हतं. आमच्या वेळी रामायण होतं, मालगुडी डेज होतं, सगळं घर मिळून बघायचं." पहिल्या वाक्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. मला आज दुसऱ्याबद्दल बोलायचं आहे, कारण त्यात थोडी गंमत आहे.

पाचवी-सहावीतल्या लेकरांचे तुम्ही आईबाप. म्हणजे बहुतेकांचा जन्म 1985 च्या पुढचा. रामानंद सागरांचं 'रामायण' 25 जानेवारी 1987 ला सुरू झालं आणि 31 जुलै 1988 ला संपलं. तेव्हा तुमच्यातले निम्मे पाळण्यात होते आणि निम्मे जन्मायचे होते. 'आमच्या वेळचं रामायण' तुम्ही पाहिलंत ते पुढे कधीतरी, परत दाखवलं तेव्हा किंवा सीडी आणून. नाहीतर आजीच्या तोंडून ऐकलंत. यात वाईट काहीच नाही. पण लेकरापुढे छाती पुढे काढण्याआधी एवढं ध्यानात असावं.

आपल्या परभणीकरांचं तर याबाबतीत आणखीच वेगळं. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं, वर्षभरात पुण्याला पोचलं. 1979 मध्ये 'चिमणराव' ही मराठी मालिका आली, दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे घराघरांत गेले, असं सगळे लिहितात. कुठल्या घराघरांत? मुंबई-पुण्याच्या. आमच्याकडे तेव्हा आकाशवाणी परभणी होती आणि तिच्यावर आमचं भागत होतं. दूरचित्रवाणी लहान गावांकडे सरकली ती 1984 च्या आसपास, देशभर कमी शक्तीचे ट्रान्समीटर उभारले गेले तेव्हा. त्यांची झेप शहराभोवती वीस-पंचवीस किलोमीटरची, आणि त्यांच्यावर मुख्यतः दिल्लीचे कार्यक्रम. त्यामुळे झालं असं की, मराठवाड्यातल्या लेकरांना 'हम लोग' या हिंदी मालिकेतली माणसं मराठी मालिकांमधल्या माणसांआधी ओळखीची झाली. मराठी वाहिनी उपग्रहावर आली 1994 मध्ये, तिला 'सह्याद्री' हे नाव मिळालं 2000 मध्ये. तोवर चिमणराव-गुंड्याभाऊ आमच्यासाठी ऐकीव होते. जगात जर्मनी, भारतात परभणी असं आपण ऐटीत म्हणतो खरं, पण चिमणरावाची गाडी आपल्याकडे वळली ती फार उशिरा.

मला सांगायचंय ते एवढंच की, जुनी मालिका पुन्हा दाखवतात तेव्हा ती सगळ्यांसाठी जुनी नसते. कोणीतरी घरात ती पहिल्यांदाच बघत असतं. तेव्हा ते तुम्ही होतात, आता तुमचं लेकरू आहे.

जुन्या कार्यक्रमांवरच चालणारी वाहिनी ही कल्पना आपल्याकडे नवी वाटते. अमेरिकेत मात्र शिकागोची 'मीटीव्ही' 2010 पासून देशभर हेच करते आहे, आणि तीही साध्या अँटेनावर, फुकट. आपल्याकडे ही वेळ टाळेबंदीने आणली. मार्च 2020 मध्ये चित्रीकरणं थांबली, नव्या मालिकांचे भाग संपत आले आणि घरात कोंडलेली माणसं पडद्यासमोर येऊन बसली. त्या वेळचे माहिती व प्रसारण मंत्री प्रकाश जावडेकर यांनी जाहीर केलं आणि 28 मार्चपासून 'रामायण' दूरदर्शनवर सकाळी नऊला आणि रात्री नऊला लागू लागलं. त्याच दिवशी डीडी भारतीवर 'महाभारत'. एप्रिलमध्ये प्रसार भारतीने 'डीडी रेट्रो' ही वाहिनीच काढली, फक्त जुन्या कार्यक्रमांची. 16 एप्रिलचा रामायणाचा भाग 7 कोटी 70 लाख लोकांनी पाहिल्याचं दूरदर्शनने सांगितलं. पुढे त्या आकड्यावरून वाद झाला, तो बाजूला ठेवू. आपल्या गल्लीत काय चाललं होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंच आहे. दार बंद, खिडकी उघडी आणि चार घरांतून एकच आवाज.

त्या दिवसांत लेकरांचे प्रश्न मी कान देऊन ऐकत होते. पहिला प्रश्न रामाबद्दल नव्हता. "चित्राच्या दोन्ही बाजूंना काळं का?" हा होता. जुने पडदे जवळजवळ चौकोनी होते, आताचे लांबट, म्हणून बाजूला जागा उरते, असं सांगावं लागलं. दुसरा प्रश्न: "बाण एवढा हळू का जातो?" मोठी माणसं चिडली. देवाधर्माची गोष्ट आणि हे पोरगं हसतंय! मला मात्र ते हसणं आवडलं. आपण त्या मालिकेकडे पाहतो तेव्हा आपल्याला आपलं बालपण दिसतं, आजोबा दिसतात, शेजारच्यांच्या ओसरीवर दाटीवाटीने बसलेली माणसं दिसतात. लेकराला यातलं काहीच दिसत नाही. त्याला समोर जे आहे तेवढंच दिसतं. म्हणून त्याला बाण हळू वाटतो. आणि म्हणूनच आपण ओलांडून गेलेल्या जागी ते थांबतं.

द्रौपदीवस्त्रहरणाचा भाग घ्या. बी. आर. चोप्रांच्या 'महाभारता'त रूपा गांगुली यांनी तो प्रसंग केला आहे. मोठ्यांच्या नजरा कृष्णाकडे, म्हणजे नितीश भारद्वाज कधी प्रकटतात तिकडे. नऊ-दहा वर्षांची एक मुलगी विचारते, "एवढे आजोबा बसलेत, कोणीच उठत का नाही?" हा प्रश्न द्रौपदीने स्वतः भर सभेत विचारलेला आहे, त्या मुलीला ते ठाऊक नव्हतं. अशा वेळी घरात दोन गोष्टी घडतात. एक तर "गप बस, बघू दे" असं होतं. नाहीतर आजोबा सांगू लागतात की भीष्म मोठे होते, त्यांची प्रतिज्ञा होती, धर्म सूक्ष्म असतो वगैरे. तिसरी गोष्ट सहसा घडत नाही: कोणीतरी म्हणावं, "हो गं, उठायला पाहिजे होतं." ते म्हणा. महाभारताला त्याने काही धक्का लागत नाही. उद्या बसमध्ये, शिकवणीच्या वाटेवर किंवा घरातल्याच कोणा पाहुण्याकडून तिला त्रास झाला, तर ती कुणाकडे येऊन सांगेल, हे अशा उत्तरांवरूनच ती मनात ठरवत असते.

आता 'मालगुडी डेज'. मला विचाराल तर आईबापांनी लेकरांबरोबर बघावं असं दूरदर्शनने जे काही केलं, त्यात हे सगळ्यात वर. आर. के. नारायण यांच्या गोष्टी, दिग्दर्शक शंकर नाग, चित्रं नारायण यांचे धाकटे भाऊ आर. के. लक्ष्मण यांची, तेच आपल्या 'कॉमन मॅन'वाले. चित्रीकरण कर्नाटकातल्या आगुंब्यात झालं. स्वामी झाला होता मास्टर मंजुनाथ आणि त्याचे वडील गिरीश कार्नाड. स्वामीला शाळा नको असते, गणित नको असतं, क्रिकेट हवं असतं. वडील कडक आहेत, पण दुष्ट नाहीत. त्यांना मुलगा आवडतो, फक्त मुलाशी बोलायचं कसं ते येत नाही. तुमच्यातल्या बऱ्याच बाबांना तो माणूस ओळखीचा वाटेल. मला तर आमच्या पिढीतले जिल्हा परिषदेच्या शाळांमधले निम्मे मास्तर त्यात दिसतात.

त्यात शाळेतली छडी आहे. आजचं लेकरू ती बघून दचकतं. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, त्याने शाळेत मारणं बंद केलं. तुमच्या लेकरांना छडी हा प्रकार गोष्टीतला वाटतो आणि तुम्हाला आठवणीतला. इथे एक मोह होतो. "आम्ही किती मार खाल्ला, म्हणून तर सरळ झालो!" मराठवाड्यात हे वाक्य फार कौतुकाने म्हणतात. मी पस्तीस-चाळीस जणांच्या वर्गांपुढे जन्म काढला आहे. माराने सरळ झालेली मुलं मी फार पाहिली नाहीत, माराला घाबरून गणित सोडलेली मात्र बरीच पाहिली. स्वामीला छडी बसते तेव्हा लेकरू तुमच्याकडे वळून विचारेल, "तुम्हाला पण?" तेव्हा हातावर वळ उठला की काय वाटायचं ते सांगा. घरी सांगायची भीती वाटायची, तेही सांगा. बापाला भीती वाटायची ही बातमी लेकराला फार मोलाची असते.

सगळं जुनं सोज्वळ होतं असंही कोणी समजू नये. 'शक्तिमान' 1997 मध्ये आलं आणि तुमच्यातले पुष्कळ जण त्या मालिकेचेच. आठवतं का, मुलं त्याची नक्कल करायला जाऊन इजा करून घेतात अशा बातम्या आल्या होत्या? शक्तिमान झालेल्या मुकेश खन्ना यांना मुलांना बजावून सांगावं लागलं होतं की असं करू नका. म्हणजे पडद्याची भीती तुमच्या आईबापांनाही होतीच. 'हल्लीच्या' मोबाईलने हा प्रश्न जन्माला घातलेला नाही. जुन्या विनोदी कार्यक्रमांतही जाड्या माणसावर, काळ्या रंगावर, बायकोवर केलेले विनोद ढिगाने सापडतील. ते आले की लेकरू हसेल, तुम्हीही हसाल, कारण सवय आहे. मग हसून झाल्यावर विचारा, यात हसण्यासारखं नक्की काय होतं? भाषण नको. एक प्रश्न पुरे.

मघाच्या त्या टाळेबंदीत सह्याद्रीवर 20 जुलै 2020 पासून 'टिलीमिली' हा अभ्यासाचा कार्यक्रम लागायचा, पहिली ते आठवीच्या मुलांसाठी. मोबाईल नसलेल्या घरांना त्याचा मोठा आधार होता. पालम-सोनपेठकडच्या वस्त्यांवर, जिंतूरच्या माळावरच्या गावांत, जिथे एकच फोन असायचा आणि तो घेऊन बाप रानात गेलेला असायचा, तिथे दूरदर्शनच्या फ्री डिशची छत्री मात्र पत्र्यावर होती. महिन्याचे पैसे नाहीत, एकदा बसवली की झालं. त्या कार्यक्रमाची एक गोष्ट मला फार पटली होती: त्यातल्या गोष्टी घरात कुणाबरोबर तरी करायच्या असायच्या. नुसतं बघून भागायचं नाही. जुन्या मालिकांचंही तसंच आहे. लेकरापुढे 'रामायण' लावून देऊन तुम्ही स्वयंपाकघरात किंवा स्वतःच्या मोबाईलमध्ये गेलात, तर लेकरासाठी ती आणखी एक चित्रफीत. त्यापेक्षा त्याला खेळायला सोडा.

आता सोय भरपूर झाली आहे. प्रसार भारतीने नोव्हेंबर 2024 मध्ये गोव्याच्या चित्रपट महोत्सवात 'वेव्हज' हे ॲप सुरू केलं, त्यावर जुन्या मालिका आहेत. यूट्यूबवरही दूरदर्शनचं पुष्कळ काही सापडतं. देशभरातले ते जुने ट्रान्समीटर 2022 पर्यंत बहुतेक बंद झाले. अँटेना फिरवायला गच्चीवर चढणारं माणूस आता लागत नाही. पण या सोयीत एक खोट आहे. वाहिनीवर भाग संपला की संपायचा. पुढे काय झालं असेल यावर दिवसभर, कधी आठवडाभर तर्क चालायचे, शाळेत भांडणं व्हायची. ॲपवर मात्र पुढचा भाग काही सेकंदांत आपोआप सुरू होतो. तर तेवढं बटण तुम्ही बंद करा. एका बैठकीला एकच भाग, ठरल्या वेळी. रविवार सकाळ ठरवलीत तर फारच उत्तम, पण रविवारी शिकवणी असते म्हणे आता. मग रात्रीचं जेवण झाल्यावर. लेकरू कुरकुर करेल, करू द्या. आणि एखादी मालिका त्याला नाहीच आवडली तर सोडून द्या. "एवढी चांगली मालिका आणि तुला आवडत नाही?" असं म्हणालात की त्या मालिकेचं पाठ्यपुस्तक झालं. मग ती कोणी उघडत नाही.

कुठून सुरुवात करावी असं विचाराल, तर मी म्हणेन रामायण-महाभारतापासून नको. ती लांबलचक आहेत आणि त्यात मोठ्यांचा हट्ट फार असतो. मोठी मुलं असतील, सहावी-सातवीच्या पुढची, तर 'ब्योमकेश बक्षी' घ्या. बासू चॅटर्जींनी 1993 मध्ये केलेलं, रजित कपूर त्यात धोतर नेसून, डोकं शांत ठेवून जुन्या कलकत्त्यातली रहस्यं उकलतो. बहुतेक गोष्टी एका भागात संपतात. मारामारी नाही, आरडाओरड नाही, सगळा खेळ बारीक बघण्याचा. मध्येच थांबवा आणि विचारा, तुला कोणावर संशय आहे? आजीलाही विचारा. आजीचा संशय बऱ्याचदा बरोबर निघतो. खुनी कोण ते मात्र तुम्हाला आधीपासून माहीत असलं, तरी शेवटपर्यंत सांगू नका.